उत्तर कोण देणार? विद्यापीठांच्या संगणक-प्रणालींविषयी एक प्रतिवाद

विद्यापीठ आणि विद्यार्थी यांच्यातील संवाद बिघडला आहे, याबद्दल आज कुणाचेच दुमत नाही. दुमत असायला हवे ते या बिघाडाच्या कारणाविषयी, आणि नेमके तेच कुठे ऐकू येत नाही. कुलगुरूंची भाषणे, उच्च शिक्षण खात्याच्या बैठका, मूल्यांकन समित्यांपुढे ठेवले जाणारे अहवाल आणि निविदांच्या प्रस्तावना यांतून गेली दोन दशके एकच निदान फिरते आहे. विद्यार्थ्यांची संख्या आवाक्याबाहेर गेली, कागदी कारभार तिला पुरा पडेना, माहिती विभागाविभागांत विखुरली, म्हणून सूचना वेळेवर पोहोचत नाहीत आणि तक्रारी साचतात. तेव्हा प्रवेशापासून पदवी प्रमाणपत्रापर्यंतचा सगळा व्यवहार एका संगणक-प्रणालीत आणावा, प्रत्येक विद्यार्थ्याला एक क्रमांक आणि एक लॉगइन द्यावे, मोबाइलवर संदेश धाडण्याची सोय करावी, की संवाद आपोआप सुधारेल, असे हे मत आहे. ते इतके रुळले आहे की त्यावर शंका घेणारा माणूस तंत्रज्ञानाचा वैरी किंवा जुन्या फायलींचा कैवारी ठरतो. येथे तंत्रज्ञानाला विरोध करायचा नाही. विरोध या निदानाला आहे, कारण ते चुकीचे आहे आणि त्याची किंमत चेन्नईपासून मुंबईपर्यंतच्या लाखो विद्यार्थ्यांनी मोजली आहे.

प्रथम या प्रणालींचे कूळ पाहावे लागेल. विद्यापीठे जी प्रणाली विकत घेतात तिला बहुतेक ठिकाणी ‘ईआरपी’ म्हणतात, म्हणजे संस्थेची सर्व साधने आणि सर्व खाती एकाच माहितीसाठ्यावर चालवणारी नियोजन-व्यवस्था. तिचा उगम कारखान्यांत झाला. कोणता सुटा भाग किती शिल्लक आहे, कोणत्या टप्प्यावर आहे आणि पुढच्या टप्प्यासाठी केव्हा लागेल, याचा हिशेब ठेवण्यासाठी १९६० आणि १९७० च्या दशकांत ज्या साहित्य-नियोजनाच्या पद्धती आल्या, त्यांचाच विस्तार होत ही व्यवस्था घडली. तिच्या रचनेत प्रत्येक वस्तूची एक नोंद असते, त्या नोंदीला एक स्थिती असते आणि ती स्थिती बदलण्याचा अधिकार ठरावीक कर्मचाऱ्यांकडे असतो. विद्यापीठात तिचे रोपण झाले तेव्हा वस्तूच्या जागी विद्यार्थी आला. शुल्क बाकी, पात्रता तपासणी प्रलंबित, हॉल तिकीट रोखलेले, निकाल राखीव, अशा स्थितींतून त्याची नोंद पुढे सरकते. कार्यालयाला ही सोय मोठी आहे, हे मान्य करायला हरकत नाही. परंतु कारखान्यातला सुटा भाग आपण अडकून का पडलो असे विचारत नाही, विद्यार्थी विचारतो. ज्या रचनेत प्रश्न विचारणाऱ्याची कल्पनाच नव्हती, तिच्याकडून संवाद सुधारेल ही अपेक्षा कशाच्या आधारावर ठेवली जाते?

यावर असे सांगितले जाते की आधुनिक प्रणालींत तक्रारीचा रकानाही असतो. असतो, पण रकाना उत्तर देत नाही. अमेरिकी संगणकतज्ज्ञ मेल्विन कॉनवे यांनी १९६८ मध्ये एक निरीक्षण मांडले होते, ते संगणकाच्या क्षेत्रात त्यांच्याच नावाने नियम म्हणून ओळखले जाते: कोणतीही संस्था जी प्रणाली घडवते, तिच्या रचनेत त्या संस्थेतील अंतर्गत दळणवळणाचीच प्रतिकृती उतरते. भारतीय विद्यापीठांना हा नियम तंतोतंत लागू पडतो. १८५७ मध्ये कलकत्ता, मुंबई आणि मद्रास ही तीन विद्यापीठे लंडन विद्यापीठाच्या धर्तीवर स्थापन झाली, तेव्हा त्यांचे मुख्य काम शिकवण्याचे नव्हते, परीक्षा घेण्याचे आणि पदव्या देण्याचे होते. विद्यार्थी महाविद्यालयाचा असे. विद्यापीठाला तो परीक्षेच्या अर्जातून आणि बैठक क्रमांकातून ठाऊक होई. विद्यापीठ परिपत्रक काढणार, प्राचार्य ते फलकावर लावणार, आणि विद्यार्थी ते वाचणार, हा एकेरी मार्ग तेव्हा आखला गेला. १९७८ मध्ये स्थापन झालेल्या चेन्नईच्या अण्णा विद्यापीठाकडे आज तामिळनाडूतील चारशेहून अधिक संलग्न अभियांत्रिकी महाविद्यालये आहेत, आणि तिथेही संलग्नतेची चौकट तीच आहे. अशा संस्थेने प्रणाली मागवली की तिच्यातही मार्ग एकेरीच राहतो. फलकाची जागा मोबाइलचा पडदा घेतो, इतकाच फरक पडतो. संदेश विद्यार्थ्याच्या खिशात पोहोचला म्हणून संवाद झाला असे मानायचे असेल, तर संवाद १८५७ पासूनच सुरळीत चालला होता असे म्हणावे लागेल.

चेन्नईत २०२१ साली जे घडले ते या दृष्टीने बारकाईने पाहण्यासारखे आहे. महासाथीमुळे लांबलेली नोव्हेंबर-डिसेंबर २०२० ची सत्र परीक्षा अण्णा विद्यापीठाने फेब्रुवारी-मार्च २०२१ मध्ये ऑनलाइन घेतली. विद्यार्थी घरी, संगणकापुढे किंवा मोबाइलपुढे. त्यांच्यावर देखरेख करायला कृत्रिम बुद्धिमत्तेची प्रणाली. अशी प्रणाली कॅमेऱ्यातून चेहरा आणि नजर पाहते, माइकमधून आवाज ऐकते, आणि नजर पडद्यावरून हटली, चौकटीत दुसरी व्यक्ती आली, आवाज आला किंवा जोडणी तुटली की त्या प्रसंगावर संशयाची खूण करते. एप्रिलमध्ये निकाल लागला तेव्हा अनुत्तीर्णांचे प्रमाण धक्कादायक होते, आणि अनेकांच्या नावापुढे गुणांच्या जागी ‘डब्ल्यूएच’ ही अक्षरे होती. त्यांचा अर्थ निकाल राखून ठेवला असा. गैरप्रकाराचा संशय आहे, एवढेच विद्यार्थ्याला कळत होते. कोणत्या मिनिटाला, कोणत्या कृतीवरून संशय आला, ते चित्रण कुणी माणसाने पाहिले की नाही, आणि खुलासा कुणाकडे करायचा, हे त्या पडद्यावर नव्हते. आपली जोडणी तुटली होती, घरात दुसरी खोली नव्हती, रस्त्यावरचा आवाज आत येत होता, असे विद्यार्थी सांगत राहिले. मे महिन्यात राज्यात नवे सरकार आले आणि उच्च शिक्षणमंत्री के. पोनमुडी यांनी पुन्हा परीक्षा घेण्याची घोषणा केली, तेव्हा कोंडी फुटली.

या घटनेचा बचाव करणारे म्हणतात की महासाथीच्या काळात दुसरा पर्याय नव्हता. परीक्षा ऑनलाइन घेण्याला पर्याय नसेल. पण संशयितास कारण सांगण्याला पर्याय नव्हता काय? वर्गात कॉपीचा आळ आला तर पर्यवेक्षक विद्यार्थ्याचे लेखी म्हणणे घेतो, प्रकरण समितीपुढे जाते, विद्यार्थ्याला बोलावून विचारले जाते. ही पद्धत कागदी कारभाराच्या काळातही होती. यंत्राने आळ घेतला तेव्हा या सगळ्या पायऱ्या गळून पडल्या, कारण प्रणाली आखताना ‘निकाल राखीव’ ही स्थिती आखली गेली आणि त्या स्थितीतून बाहेर येण्याचा विद्यार्थ्याचा मार्ग आखलाच गेला नाही. महासाथीने हे घडवले नाही. ज्यांनी प्रणालीचे नियोजन केले त्यांना विद्यार्थ्याची बाजू ऐकणे हा कामाचा भाग वाटला नाही, म्हणून हे घडले. आणि शेवटी उत्तर कुणी दिले, तर एका मंत्र्याने. सत्र परीक्षेतील शंकेचे निरसन होण्यासाठी राज्यात सत्तांतर व्हावे लागत असेल, तर तिथे सुसंवाद साधणारी प्रणाली अस्तित्वात आहे असे कोणत्या तोंडाने म्हणायचे?

मुंबईचा अनुभव याच्या चार वर्षे आधीचा, आणि तो चेन्नईला धडा ठरायला हवा होता. मुंबई विद्यापीठाने २०१७ च्या उन्हाळी परीक्षांच्या १७ लाखांहून अधिक उत्तरपत्रिका स्कॅन करून पडद्यावर तपासण्याचा निर्णय परीक्षा तोंडावर असताना घेतला. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, २०१६ नुसार निकाल परीक्षा संपल्यापासून ३० दिवसांत, आणि फार तर ४५ दिवसांत लागायला हवेत. प्रत्यक्षात कुलपती या नात्याने राज्यपालांनी घालून दिलेली ३१ जुलैची मुदत उलटली, ऑगस्टमधल्या मुदती उलटल्या, प्राध्यापक तपासणीला मोकळे व्हावेत म्हणून महाविद्यालयांतील शिकवणी थांबवावी लागली, बाहेरच्या विद्यापीठांतील प्राध्यापकांची मदत घ्यावी लागली, आणि शेवटचे निकाल लागेपर्यंत सप्टेंबर उजाडला. उत्तरपत्रिकांची सरमिसळ झाली, काही सापडेनात. परदेशी आणि परप्रांतीय विद्यापीठांत प्रवेश मिळालेले विद्यार्थी गुणपत्रिकेविना ताटकळले. ऑक्टोबरमध्ये कुलगुरूंना पदावरून दूर करण्यात आले. त्या उन्हाळ्यात विद्यार्थ्यांना नव्या तारखा मात्र वरचेवर मिळत होत्या. विद्यापीठाचे संकेतस्थळ होते, संदेशांची सोय होती, वृत्तपत्रांतून निवेदने येत होती. ‘माझी उत्तरपत्रिका कुठे आहे’ या एका प्रश्नाचे उत्तर देऊ शकणारा माणूस विद्यापीठाच्या कलिना संकुलात कोणत्या खोलीत भेटेल, हे मात्र कुणी सांगू शकत नव्हते.

संक्रमणाच्या काळात असे व्हायचेच, असा या साऱ्यावरचा ठरीव खुलासा आहे. तो मान्य करायचा तर प्रत्येक नव्या प्रणालीच्या पहिल्या तुकडीने आपले एक वर्ष अर्पण करावे, हे मान्य करावे लागेल. विद्यार्थ्याच्या आयुष्यात तृतीय वर्ष एकदाच येते. विद्यापीठाला पुढच्या वर्षी सुधारणा करता येते, विद्यार्थ्याला पुढचे वर्ष नसते. शिवाय हे संक्रमण संपते केव्हा? एका कंपनीचा करार संपतो, दुसरीचा सुरू होतो, जुन्या नोंदी नव्या साच्यात ओतताना गळतात, आणि पुन्हा पहिली तुकडी तयार होते. नवी प्रणाली आधी दोन-तीन महाविद्यालयांत, एखाद्याच परीक्षेसाठी, जुनी पद्धत सोबत चालू ठेवून तपासायची, हा संगणकक्षेत्रातला प्राथमिक नियम आहे. अभियांत्रिकीचे शिक्षण देणाऱ्या विद्यापीठाला तो ठाऊक नाही असे म्हणता येत नाही. तो पाळला जात नाही, कारण प्रणालीच्या अपयशाचा भार उचलणारे लोक निर्णयाच्या टेबलाभोवती बसलेले नसतात.

प्रचलित मताचे समर्थक याविरुद्ध तामिळनाडूचेच एक यशस्वी उदाहरण पुढे करतील, आणि ते खरोखर यशस्वी आहे. राज्यातील अभियांत्रिकी प्रवेशासाठी पूर्वी विद्यार्थ्याला, बहुतेक वेळा आईवडिलांसह, ठरलेल्या दिवशी चेन्नईत गिंडीच्या अण्णा विद्यापीठात यावे लागे. कन्याकुमारी किंवा कृष्णगिरीहून रात्रभराचा प्रवास करून आलेल्या कुटुंबाने पडद्यावर शिल्लक जागा पाहून काही मिनिटांत चार वर्षांचा निर्णय घ्यायचा असे. २०१८ पासून ही समुपदेशन प्रक्रिया ऑनलाइन झाली आणि पुढच्या वर्षी ती तंत्रशिक्षण संचालनालयाकडे गेली. विद्यार्थी आता घरी बसून विचार करून पसंतीक्रम भरतो. परंतु हे यश कशाचे, हे नीट पाहिले पाहिजे. या प्रक्रियेसोबत जिल्ह्याजिल्ह्यांत सुविधा केंद्रे उघडली गेली, तिथे माणसे बसवली गेली, कागदपत्रांची तपासणी तिथे होऊ लागली, आणि ज्याच्याकडे संगणक नाही त्याला तिथे अर्ज भरून मिळू लागला. गुणक्रमाचा नियम आधीपासून जाहीर होता: गणिताचे १००, भौतिकशास्त्राचे ५० आणि रसायनशास्त्राचे ५० असे २०० पैकी गुण, बरोबरी झाली तर आधी गणित, मग भौतिकशास्त्र, अशा क्रमाने पाहायचे, आणि शेवटचा उपाय म्हणून आधीच दिलेला यादृच्छिक क्रमांक, म्हणजे चिठ्ठी टाकावी तसा यंत्राने कोणताही पक्षपात न करता दिलेला आकडा. गुणवत्ता यादी लागल्यावर हरकत नोंदवायला मुदत आणि हरकत ऐकायला केंद्र. विद्यार्थ्याला आपला क्रमांक अमुकच का आला हे स्वतः पडताळून पाहता येत होते, आणि तो चुकला असेल तर कुणाकडे जायचे हे माहीत होते. म्हणजे इथे आधी नियम ठरले, मुदती ठरल्या, माणसे नेमली गेली, आणि या सर्वांना जोडण्याचे काम प्रणालीने केले. हे उदाहरण प्रचलित मताच्या बाजूने साक्ष देत नाही, ते त्याच्या विरोधात उभे राहते.

सरदार पटेल रस्त्यावर अण्णा विद्यापीठापासून काही अंतरावर आयआयटी मद्रासचे प्रवेशद्वार आहे, आणि तिथला अनुभवही हेच सांगतो. या संस्थेने २०२० मध्ये घोषित केलेला डेटा सायन्सचा ऑनलाइन पदवी अभ्यासक्रम पूर्णपणे संगणक-प्रणालीवर चालतो. व्याख्याने चित्रित, स्वाध्याय साप्ताहिक, नोंदी एकत्रित. तरीही त्याच्या मुख्य परीक्षांसाठी विद्यार्थ्याला आपल्या जवळच्या शहरातील केंद्रावर प्रत्यक्ष जावे लागते, आणि शंकांसाठी थेट सत्रे घेणारे शिक्षक व साहाय्यक नेमलेले आहेत. यंत्र कुठे पुरते आणि माणूस कुठे लागतोच, याची सीमारेषा तिथे आधी आखलेली दिसते. देशात संगणकविद्येची उत्तम जाण ज्या संस्थेकडे असल्याचे मानले जाते, तिला जर माणसाविना प्रणाली चालवता येत नसेल, तर इतर विद्यापीठांना ती चालवता येईल असे कुणी ठरवले?

यानंतर सर्वांना एकच साचा पुरतो, या गृहीतकाकडे वळावे लागेल. विद्यार्थ्याच्या नावाचा साधा रकाना घेतला तरी ते कोसळते. अर्जात पहिले नाव, मधले नाव, आडनाव असे तीन रकाने असतात आणि तिसरा भरल्याशिवाय अर्ज पुढे जात नाही. तामिळनाडूतील बहुसंख्य विद्यार्थ्यांना आडनावच नसते. त्यांच्या नावाला वडिलांच्या, आणि अलीकडे क्वचित आईच्या, नावाचे आद्याक्षर जोडलेले असते. ते कुणी नावाआधी लिहितो, कुणी नंतर. शाळेच्या दाखल्यावर ‘एस. कार्तिक’, आधारवर ‘कार्तिक एस’, पारपत्रावर आद्याक्षर उलगडून ‘कार्तिक सुब्रमणियन’, अशी एकाच मुलाची तीन नावे होतात. महाराष्ट्रात गुणपत्रिकेवर आडनाव आधी येते आणि आईचे नाव स्वतंत्रपणे नोंदलेले असते. तोच विद्यार्थी पदव्युत्तर शिक्षणासाठी चेन्नईला गेला की त्याच्या नावाचे चार तुकडे तिथल्या तीन रकान्यांत बसवावे लागतात. तंजावरच्या मराठी घराण्यातले आणि मद्रासमध्ये शिकलेले सर टी. माधवराव पुढे त्रावणकोर, इंदूर आणि बडोदा या संस्थानांचे दिवाण झाले. त्यांच्या नावातला ‘टी’ आडनावाचा नाही की वडिलांच्या नावाचाही नाही, तो तंजावर या गावाचा आहे. असे नाव या रकान्यांत कुठे बसवायचे? पूर्वी अशी विसंगती कारकुनाच्या लक्षात येई आणि तो दाखला पाहून ती मिटवी. आता विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२१ च्या विनियमांनुसार विद्यार्थ्याचे श्रेयांक, म्हणजे अभ्यासक्रमाच्या पूर्ण केलेल्या भागांचे मोजमाप, राष्ट्रीय पातळीवरील ‘श्रेयांक पेढी’त जमा करायचे आहेत, आणि तिथे महाविद्यालयाकडील नाव आधारवरील नावाशी जुळले नाही तर नोंद अडते. एका टिंबाच्या जागेवरून श्रेयांक लटकतात, आणि ते सोडवण्याचा अधिकार नेमका कुणाचा, महाविद्यालयाचा, विद्यापीठाचा की आधार केंद्राचा, हे विद्यार्थ्याने तिन्ही ठिकाणी हेलपाटे घालून शोधायचे. हा किरकोळ तांत्रिक दोष मानला जातो. माणसाचे नाव नोंदवता न येणे किरकोळ असेल, तर गंभीर दोष कशाला म्हणावे?

भाषेबाबतही तीच बेपर्वाई आहे. अण्णा विद्यापीठाने २०१० मध्ये स्थापत्य आणि यंत्र अभियांत्रिकीचे पदवी वर्ग तमिळ माध्यमातून सुरू केले, म्हणजे तमिळ माध्यमाच्या शाळांतून येणारे विद्यार्थी आपल्याकडे आहेत हे विद्यापीठाला चांगलेच ठाऊक आहे. तरीही भारतातील विद्यापीठांच्या प्रणालींत, मग ती तामिळनाडूतील असोत वा महाराष्ट्रातील, त्रुटीचा संदेश, दंडाची अट आणि पुनर्मूल्यांकनाचा नियम बहुधा कार्यालयीन इंग्रजीत लिहिलेला असतो. आजची पिढी मोबाइलवरच वाढली, तिला काही शिकवावे लागत नाही, असे यावर ऐकवले जाते. चित्रफिती पाहता येणे आणि ‘देय तारखेनंतर विलंब शुल्कासह अर्ज ग्राह्य धरला जाईल’ अशा वाक्यातून आपले काय होणार हे उमगणे, या दोन भिन्न क्षमता आहेत. दुसरी क्षमता मोबाइलमुळे येत नाही. विद्यार्थ्याला कळेल अशा भाषेत लिहिणे हे विद्यापीठाचे काम आहे, आणि ज्या संस्थेत भाषांचे विभाग आहेत, तिने मनुष्यबळाची सबब सांगू नये.

आणखी एक युक्तिवाद नैतिकतेच्या नावाने केला जातो: संगणक आला की हस्तक्षेप थांबतो, वशिला आणि लाच बंद होते. अण्णा विद्यापीठात अर्ज, निकाल आणि पुनर्मूल्यांकनाचे बरेच व्यवहार ऑनलाइन होत असतानाच, एप्रिल-मे २०१७ च्या परीक्षेच्या पुनर्मूल्यांकनात पैसे घेऊन गुण वाढवल्याच्या आरोपावरून तामिळनाडूच्या दक्षता व भ्रष्टाचारविरोधी संचालनालयाने ऑगस्ट २०१८ मध्ये गुन्हा नोंदवला. त्या परीक्षेत तीन लाखांहून अधिक विद्यार्थ्यांनी पुनर्मूल्यांकनासाठी अर्ज केले होते. आरोपांचा निवाडा न्यायालयाचा विषय आहे. पण प्रणाली असूनही असा संशय घ्यायला जागा उरली, एवढे तरी स्पष्ट आहे. गुण बदलण्याचा अधिकार ज्याच्या हाती आहे, त्याच्यावर लक्ष कुणाचे, हा प्रश्न संगणकाने सुटत नाही. तो थोडाबहुत सुटला तो कायद्याने. माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ आला, त्याखाली परीक्षार्थींनी आपल्या उत्तरपत्रिका मागितल्या, मंडळांनी आणि विद्यापीठांनी वर्षानुवर्षे नकार दिला, आणि ऑगस्ट २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाच्या प्रकरणात परीक्षार्थीला स्वतःची तपासलेली उत्तरपत्रिका पाहण्याचा हक्क आहे असा निर्णय दिला. आज अनेक विद्यापीठांच्या प्रणालीत उत्तरपत्रिकेची छायांकित प्रत मागण्याची सोय दिसते, तिच्या मुळाशी हा हक्क आहे. कोणत्याही कंपनीने ही सोय आपणहून देऊ केली नव्हती, कोणत्याही विद्यापीठाने ती आनंदाने मागितली नव्हती.

उरतो खर्चाचा मुद्दा. इतक्या विद्यार्थ्यांना उत्तर द्यायला माणसे कुठून आणायची, असे कुलसचिव विचारतात, आणि प्रणाली घेण्याचे खरे कारण बहुधा हेच असते: रिक्त पदे भरायची नाहीत. प्रणालींच्या यशाचे जे उदाहरण जगभर सांगितले जाते, ते अमेरिकेतील जॉर्जिया राज्य विद्यापीठाचे. त्या विद्यापीठाने २०१२ मध्ये विद्यार्थ्यांच्या नोंदींवरून अडचणीत येऊ घातलेल्यांना आधीच हेरणारी प्रणाली सुरू केली आणि पदवी पूर्ण करणाऱ्यांचे प्रमाण वाढले. ही कथा सांगताना तिचा अर्धा भाग गाळला जातो: प्रणालीसोबत त्या विद्यापीठाने ४२ नवे सल्लागार नेमले. यंत्राने धोक्याची खूण केली की सल्लागार विद्यार्थ्याशी बोले. खूण यंत्राची, बोलणे माणसाचे. आपल्याकडे पहिला भाग विकत घेतला जातो आणि दुसरा भाग उधळपट्टी ठरतो. मग खूण झालेल्या विद्यार्थ्याच्या वाट्याला सल्ला येत नाही, ‘डब्ल्यूएच’ येते. परीक्षा शुल्क, छायाप्रतीचे शुल्क, पुनर्मूल्यांकनाचे शुल्क आणि विलंब शुल्क घेणाऱ्या संस्थेने उत्तर देण्यासाठी पैसे नाहीत असे म्हणणे हा हिशेबाचा प्रश्न नाही, प्राधान्याचा आहे.

तेव्हा नियोजन करायचेच असेल तर ते कुठून सुरू व्हावे, हे आता स्पष्टपणे सांगता येते. निविदा काढण्याआधी प्रणालीकडून काय हवे याची जी यादी होते, तिला संगणकाच्या परिभाषेत आवश्यकता-निश्चिती म्हणतात. आज ती यादी परीक्षा विभाग, लेखा विभाग आणि कंपनीचे प्रतिनिधी मिळून करतात, आणि तिच्यात विद्यार्थ्याने काय काय करावे हे सविस्तर असते. तिथे विद्यापीठाने काय करावे हे आधी लिहिले गेले पाहिजे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या एप्रिल २०२३ च्या तक्रार निवारण विनियमांनी त्याचा पाया घालून दिलेला आहे: विद्यार्थी तक्रार निवारण समितीने १५ कामाच्या दिवसांत अहवाल द्यायचा, त्यावर लोकपालाकडे अपील करता येते, आणि तक्रारीसाठी ऑनलाइन व्यवस्था संस्थेने उभारायची. म्हणजे कायद्याने मुदत दिली आहे, अधिकारी दिला आहे. प्रणालीत मात्र विद्यार्थ्याच्या शुल्काची मुदत लाल अक्षरांत झळकते आणि विद्यापीठाच्या उत्तराची मुदत कुठेच दिसत नाही. विद्यार्थ्याने एक दिवस उशीर केला तर यंत्र आपोआप दंड लावते. विद्यापीठाने सहा महिने उशीर केला तर तेच यंत्र गप्प असते. हा तंत्रज्ञानाचा स्वभाव नाही. तसे लिहून मागितले, म्हणून तसे मिळाले.

लिहून मागायचे तर हे मागावे. राखीव ठेवलेल्या प्रत्येक निकालासोबत कारण, पुरावा आणि तो निर्णय घेणाऱ्या अधिकाऱ्याचे पदनाम विद्यार्थ्याला त्याच्या भाषेत दिसले पाहिजे. प्रत्येक तक्रारीवर उत्तराची तारीख पडली पाहिजे आणि ती उलटली की तक्रार कुणी न सांगता लोकपालापर्यंत गेली पाहिजे. यंत्राने घेतलेला कोणताही आळ माणसाने तपासल्याशिवाय निकालपत्रावर चढता कामा नये. नाव जसे आहे तसे नोंदवता आले पाहिजे. प्रत्येक महाविद्यालयात प्रणालीतली चूक दुरुस्त करण्याचा अधिकार असलेला एक तरी माणूस ठरलेल्या वेळी खिडकीवर बसला पाहिजे. आवश्यकतांची यादी मंजूर करणाऱ्या समितीत विद्यार्थ्यांचे निवडून आलेले प्रतिनिधी असले पाहिजेत आणि त्यांच्या सहीविना करार होता कामा नये. यांतले काहीही आजच्या तंत्रज्ञानाला अवघड नाही, आणि यांतले बरेचसे सरकारी खात्यांच्या सेवा हमी कायद्यांत मुदतबद्ध सेवेच्या रूपाने आधीच आलेले आहे. ज्या विद्यापीठाला या अटी जाचक वाटतात, त्याला संवाद नको आहे, ताबा हवा आहे. आणि त्यासाठी विद्यार्थ्यांच्या शुल्कातला एक रुपयाही खर्च करण्याचा अधिकार त्याला नाही.